श्री. तथा सौ. शंखी गोगलगाय यांस अनावृत पत्र

मुक्काम : आमची परसबाग, दोडक्याच्या मांडवाखाली, विटेच्या आड.

स. न. वि. वि.

मायन्यात ‘श्री.’ लिहावे की ‘सौ.’ याचा पेच होता. आपण एकाच देहात नर आणि मादी दोन्ही असता, म्हणून दोन्ही लिहून मोकळी झाले. मानपानावरून पुढे तक्रार नको. आपल्यातले कोणीही दोघे भेटले की संसार सुरू. अंडी घालण्याची पात्रता दोघांकडे. एका खेपेला शे-दोनशे अंडी मातीत जातात आणि वर्षाकाठी हा आकडा हजारावर जाऊ शकतो. एवढे चेहरे आमच्या नाक्यावरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरही मावत नाहीत.

पत्रास कारण की, आमचा पालक. ठाण्यात तळमजल्यावर राहण्याचे जे दोन-तीन फायदे आहेत, त्यात खिडकीखालची मातीची पट्टी पहिली. बाकी डास आणि वरच्यांचे कपड्यांचे चिमटे. त्या पट्टीत आम्ही उन्हाळ्यात शेणखत कालवतो, वाफे काढतो, बी आणून ठेवतो. त्या वेळी आपण त्याच मातीत, शंखाच्या तोंडाला पापुद्रा लावून, गाढ झोपलेले असता. मृगाचा पाऊस पडला की दोघांचाही मोसम एकदमच उघडतो. आम्ही पेरतो, आपण उठता. पालकाला पहिली दोन पाने फुटली की रात्री ती दोन्ही नाहीशी होतात आणि सकाळी वाफ्यावर चकचकीत चिकट रेघ तेवढी राहते. जून पाने आपल्याला फारशी रुचत नाहीत. कोवळी काकडी, कोवळा भोपळा, कोथिंबिरीचे नुकते डोके वर काढलेले रोप, अशी आपली निवड. ‘कडेने झेंडू लावा, कीड फिरकत नाही’ असा सल्ला मिळाला होता. झेंडू आपण पालकाच्याही आधी संपवलात. पाचशेच्या वर वनस्पती आपल्याला चालतात म्हणे. आमच्या घरात तीनच भाज्या खाणारी मुले आहेत, त्यांना आपले उदाहरण द्यावे की काय अशा विचारात मी आहे.

आपल्याला हाकलण्यासाठी जे उपाय सुचवले गेले, त्यांची माहिती आपल्याला असलेली बरी.

अंड्याची टरफले चुरून वाफ्याभोवती पसरा, मऊ पोटाला टोचतात, असे यूट्यूबवरच्या एक ताई छातीठोकपणे सांगतात. आपल्याला शंख बांधायला कॅल्शियम लागते आणि त्यासाठी आपण घराच्या भिंतींचा गिलावासुद्धा खरवडून खाता. म्हणजे टरफले टाकून आम्ही बांधकामाचे साहित्य घरपोच देत होतो. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने लेट्यूसच्या रोपांवर टरफले, तांब्याची पट्टी, खडी, झाडाची साल, लोकरीचे गोळे असे पाच घरगुती अडथळे तपासले. २०१८ साली जाहीर झालेला निकाल असा, की तिथल्या गोगलगाईंनी पाचांपैकी एकालाही दाद दिली नाही. ती आपली लांबची भावकी. तांब्याची पट्टी विकणारे दुकानदार अजून तितक्याच श्रद्धेने विकतात, तो भाग वेगळा.

मिठाचे तर बोलायलाच नको. एकेकावर मीठ टाकावे तर आपण जाता हे खरे, पण पावसाने ते मीठ मातीत उतरते आणि पुढच्या पालकाला नडते. चुन्याचा पट्टा कोरडा असेपर्यंत आपल्याला अडवतो. ठाण्याच्या जुलैत काहीच कोरडे राहत नाही, टॉवेलसुद्धा. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मात्र जालीम. पण त्या कुत्र्या-मांजरांनाही तितक्याच जालीम आहेत, ग्रेट ब्रिटनने २०२२ पासून त्यांच्या उघड्यावरच्या वापराला बंदी घातली, आणि आमच्या आवारातला कुत्रा आपल्यापेक्षा लोकप्रिय आहे.

आता आपल्या घराण्याविषयी. आपण मूळचे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याचे. १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या साहेबाने, शंख-शिंपल्यांचा मोठा अभ्यासक बरं का, मॉरिशसहून आपले दोन पूर्वज कलकत्त्याला आणले आणि ते चौरंगीतल्या एका बागेत सुटले. दोनच. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास जपान्यांनी आपल्याला खाण्यासाठी म्हणून पॅसिफिकच्या बेटांवर नेले. १९६६ साली हवाईहून परतलेल्या एका मुलाने मायामीला तीन गोगलगाई गुपचूप आणल्या; आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत त्यांच्या अठरा हजारांवर झाल्या. फ्लोरिडा राज्याने दहा लाख डॉलरांच्या वर खर्च करून १९७५ पर्यंत आपला तिथला मुक्काम हलवला. २०११ मध्ये आपण पुन्हा हजर. या वेळी आपल्याला हुंगून काढायला लॅब्रॅडॉर कुत्रे शिकवले गेले आणि २०२१ पर्यंत दहा वर्षे ते काम चालले.

सगळ्यात शहाणपणाचा उपाय मूरिया बेटावर झाला. आपल्याला खायला म्हणून १९७७ मध्ये तिथे दुसरीच एक मांसाहारी गोगलगाय आणून सोडली. तिने आपल्याकडे पाहून न पाहिल्यासारखे केले आणि तिथल्या पार्टुला नावाच्या चिमुकल्या स्थानिक गोगलगाई खायला घेतल्या. दहाएक वर्षांत त्या रानातून गेल्या. प्राणिसंग्रहालयांत जपलेल्या तेवढ्या वाचल्या. ज्या समितीने हे ठरवले तिची बैठक आमच्या सोसायटीच्या बैठकीपेक्षा नक्कीच शिस्तीत झाली असणार.

या साऱ्या इतिहासात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि ती आपल्या बाजूची आहे. आपण स्वतःहून कुठे गेलातच नाहीत. आपल्या चालीने आफ्रिकेहून ठाणे गाठायचे म्हटले तर वाटेत समुद्र लागतो. दर वेळी कुणीतरी आपल्याला उचलले आणि दुसरीकडे नेऊन ठेवले : कुणी हौसेने, कुणी भुकेने, कुणी खिशात खेळणे म्हणून. आमच्याकडे आपण बहुधा नर्सरीतल्या कुंडीतून आलात, नाहीतर बागेसाठी मागवलेल्या लाल मातीच्या टेम्पोतून. अंडी मातीतच असतात, पिवळसर, साबुदाण्याहून मोठी. ती कोण बघतो? आम्ही मातीचा भाव बघतो.

आणि आल्यानंतरही तेच. सकाळी सातला आमच्या आवारात एक दृश्य रोज दिसते. ‘बी’ विंगचे काका चिमट्याने आपल्याला उचलतात, इकडेतिकडे बघतात आणि कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडच्या सोसायटीत भिरकावतात. पलीकडच्या सोसायटीतल्या वहिनीही उजाडताच हेच करतात. दोन्हीकडे समाधान. आपल्याला दिवसाकाठी एक हवाई सफर आणि दोन्ही बागांची चव. कोणी फारच दयाळू असेल तर पिशवीत भरून नाल्यापलीकडे सोडून येतो. म्हणजे बेन्सनसाहेबांचे काम पुढे नेतो. सोसायटीच्या सभेत आपला विषय निघाला तेव्हा ‘आपल्या आवारातल्या गोगलगाई बाहेरच्या आहेत’ यावर एकमत झाले. ठराव लिहून घेतला. चहा झाला.

शहरी माणसाला हे गमतीचे वाटते, कारण पालक गेला तर बाजारातून जुडी येते. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागात सोयाबीनचे नुकते उगवलेले रोप आपण शेतच्या शेत खाल्लेत. शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली आणि सरकारला मदत जाहीर करावी लागली. त्या वेळी कृषी विभागाने जे सांगितले ते साधे होते, आणि पट्टीभर बागेलाही तेच लागू पडते. गुळाच्या पाण्यात गोणपाट बुडवून संध्याकाळी वाफ्याच्या कडेने टाकायचे. आपण रात्रभर भटकून पहाटे ओलसर, अंधारी जागा शोधता आणि गोणपाटाखाली मुक्काम करता. सकाळी गोणपाट उचलायचे, आपल्याला वेचायचे, साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायचे आणि मग चुना टाकून खड्ड्यात पुरायचे. पपईची साल आमिष म्हणून त्याहून सरस. तिचा वास आपल्याला दुरून ओढतो. यात कोणाचे दुकान चालत नाही, म्हणून या उपायाची जाहिरात होत नाही.

वेचताना हातमोजे घालणार, हे आधीच सांगते, राग नसावा. आपल्या अंगात उंदरांकडून आलेला एक फुप्फुसकृमी असू शकतो. तो माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. म्हणून बागेतली पालेभाजीही नीट धुऊन, शिजवूनच खाणे आले. मुलांना आपल्याशी खेळू देत नाही, त्यालाही हेच कारण.

आपले खरे वैरी याच मातीतले आहेत. भारद्वाज आपल्याला आवडीने खातो आणि काजव्याच्या अळ्या तर गोगलगाईंवरच वाढतात. भारद्वाज लपायला दाट झुडूप मागतो. आम्ही सुशोभीकरणात झुडपे तोडून फरशी घातली. काजव्याला अंधार लागतो. आम्ही बागेत रात्रभर जळणारे दिवे लावले. त्या फरशीला आणि दिव्यांना ठराव लागला नाही, वर्गणी आपोआप जमली. हे काजवे बघायला आता आम्ही जूनमध्ये भंडारदऱ्याला जातो, टोल भरून.

तेव्हा आपल्यावर खटला भरण्याचा माझा विचार मी सोडला आहे. आरोपींची यादी करायला बसले तर आपला क्रमांक फार खाली येतो. मात्र बादली सोडलेली नाही.

कळावे. लोभ नसावा.

आपली,
तळमजल्यावरची यजमानीण

ता. क. हे पत्र आपल्याला वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. ज्यांना येते त्या दोन्ही सोसायट्यांतल्या मंडळींसाठी : नवी कुंडी किंवा माती आणलीत तर आत हात घालण्याआधी अंडी बघा. सापडलेली गोगलगाय भिंतीपलीकडे फेकू नका. पाऊस उघडेल त्या रात्री साडेनऊला टॉर्च, हातमोजे आणि जुनी बादली घेऊन खाली या. गोणपाट आणि गूळ माझ्याकडे आहे. ‘बी’ विंगच्या काकांनी चिमटा आणावा.