सात-एक-दोनचा उतारा

आमच्या घरात कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, ही तक्रार जुनी आहे. टीव्हीचं ऐकू येत नाही, ही नवी. जुन्या तक्रारीवर गेल्या वीस वर्षांत कोणी उपाय केला नाही. नवीवर मात्र त्याच रात्री बैठक बसली, आणि बैठकीत कोणी कोणाचं ऐकलं नाही.

याचं मूळ दिल्लीत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. "सरकार दहा टक्के सोडून राह्यलं, आन् आपण काहून सोडाचं?" असा बिनतोड सवाल आमच्या चिरंजीवांनी टाकला आणि दिवाळीला त्रेचाळीस इंची टीव्ही आमच्या गावी, दुसरबीडला दाखल झाला. टीव्ही कसला, पापड. आमच्या घरची ज्वारीची भाकरी त्याहून जाड असते. शेजारपाजारचे बघायला आले, तेही आधी बाजूने वाकून त्याची जाडी बघत आणि मग समोरून चित्र.

चित्र झकास. साडीचा काठसुद्धा मोजता येईल. पण माणसं बोलायला लागली की कोणीतरी त्यांच्या तोंडावर उशी धरल्यासारखं वाटायचं.

जुन्या डब्याला पोट होतं. त्यात हवा मावायची, आणि स्पीकरचं तोंड सरळ आपल्याकडे असायचं. या पापडात स्पीकरला जागाच नाही. जे दोन चिमुकले बसवलेत त्यांची तोंडं खाली, टेबलाकडे. शाळा तपासणीला साहेब आल्यावर गुरुजी मान खाली घालून बोलतात ना, तसे हे बोलतात. आवाज आधी टेबलावर आपटतो, मग भिंतीला विचारतो, मग आपल्यापर्यंत येतो. तोवर शेजारची पिठाची गिरणी सुरू झालेली असते, स्वयंपाकघरात मिक्सर फिरत असतो आणि रस्त्यावरून एखादा ट्रक आपल्या हॉर्नची पूर्ण चाल वाजवत जातो. समृद्धी महामार्ग झाल्यावर जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यावरचे ट्रक कमी होतील, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. ट्रक कमी झाले असतीलही. हॉर्न इथेच राहिले.

वर सिनेमा-मालिकांचा हिशेब वेगळाच. मोठ्या सिनेमात बोलणं हे बहुतेक मधल्या, म्हणजे पडद्यामागच्या स्पीकरसाठी बांधलेलं असतं, आणि ढोल-ताशे, वादळ, गोळीबार आजूबाजूच्यांसाठी. टीव्हीत ते सगळं दोन स्पीकरांत कोंबलं जातं. एकाच एसटीत लग्नाचं वऱ्हाड आणि शाळेची सहल बसवावी, तसं. मग नायक कानात कुजबुजला की आपण आवाज पस्तीसवर न्यायचा, आणि पुढच्या क्षणी दार आपटलं की सगळ्या आळीला कळतं.

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वय ऐंशीच्या पुढे. रोज सात वाजता बातम्या आणि त्यानंतर एक मालिका, एवढाच त्यांचा टीव्ही. त्यांच्या कानांबद्दल आमच्या सौभाग्यवतींनी हळूच विषय काढला, तर आबांना तेवढं बरोब्बर ऐकू आलं. म्हणाले, "मले आयकू येत नाई असं नाई. त्यायलेच बोलता येत नाई."

हे निदान कोणत्याही कानाच्या डॉक्टरला शक्य झालं नसतं.

साउंडबार हा शब्द घरात आला तो चिरंजीवांच्या तोंडून. तो पुण्याहून सुट्टीला येतो तेव्हा एक नवा शब्द घेऊनच येतो. मागच्या खेपेला एअर फ्रायर होता. साउंडबार म्हणजे टीव्हीखाली ठेवायची लांब पट्टी, आत स्पीकर, आणि सोबत सबवूफर नावाचं खोकं, जे फक्त धडधडतं. पारावरच्या एका जाणत्याने लगेच सल्ला दिला की मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्ट वर्षांवरच्यांना साधनांसाठी तीन हजार रुपये मिळतात, त्यात श्रवणयंत्र बसतं; आबांच्या नावाने अर्ज टाका. मी म्हटलं, "काका, ते कानात घालायचं असतं." तर म्हणाले, "मंग? हेबी आवाज कानातच जाते ना?" शासनाचे नियम ज्यांनी लिहिले, त्यांना हा माणूस भेटायला हवा होता.

संक्रांतीनंतर सोयाबीन विकलं आणि आम्ही तिघं जालन्याला निघालो. आबा कशाला, असं कोणी विचारायचं नव्हतं. सोयाबीन त्यांचं.

दुकानात आत काचेची वेगळी खोली. तिथे अंधार, गुबगुबीत सोफा, आणि एक पोरगा रिमोट घेऊन उभा. त्याने बटण दाबलं आणि डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं. आबांनी टोपी धरली. बारा जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सवाला कोणी मोठा पाहुणा आकाशातून आला, तर आमच्याकडे शेतात लोक असंच वर बघतात.

"आजोबा, हा सात-एक-दोन आहे," पोरगा म्हणाला.

"सातबारा?" आबा सावध झाले. "कोनाच्या नावावर?"

पोराला हसावं की नाही कळेना. चिरंजीवांनी समजावलं की पहिला सात म्हणजे कानाच्या पातळीवरचे स्पीकर, मधला एक म्हणजे सबवूफर आणि शेवटचे दोन छताकडे तोंड केलेले. आबांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "मंग फेरफार कवा व्हते?" किंमत बघितल्यावर मलाही वाटलं, यासाठी फेरफारच करावा लागेल.

छताकडे तोंड केलेल्या त्या दोघांची गंमत अशी की आवाज वर जातो, छताला आपटतो आणि आपल्या डोक्यावर पडतो. म्हणून पाऊस वरून आल्यासारखा वाटतो. याचं नाव डॉल्बी ॲटमॉस, २०१२ मध्ये थिएटरांत आलं आणि नंतर घरात शिरलं. त्यासाठी छत सपाट हवं, टणक हवं, फार उंच नको. आमच्या पुढच्या खोलीला पत्रे, आणि पत्र्यांचा उतार गोठ्याकडे. म्हणजे हेलिकॉप्टर उतरणार ते थेट म्हशीवर. शिवाय पत्र्यावर पाऊस पडला की तो वरूनच पडल्यासारखा वाटतो. त्यासाठी आम्ही आजवर कोणाला काही दिलेलं नाही.

डॉल्बी या शब्दावरून थोडं विषयांतर करतो, कारण त्यामागच्या माणसाची कीव केल्याशिवाय पुढे जाववत नाही. रे डॉल्बी नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९६५ मध्ये लंडनला कंपनी काढली ती कशासाठी? टेपवरची खरखर घालवण्यासाठी. आवाजातला गोंगाट कमी करणं हे त्याचं पहिलं नाव कमावणारं काम. तो २०१३ मध्ये गेला. आणि आपल्या महाराष्ट्रात डॉल्बी म्हणजे काय? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, जिच्यासमोरून वरात गेली की खिडक्यांच्या काचा नाचतात. दारूबंदीच्या प्रचारकाचं नाव देशीच्या गुत्त्याला द्यावं, तसं झालं. पश्चिम महाराष्ट्रात डॉल्बी म्हणतात, आमच्याकडे डीजे. छातीत धडधड तीच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा लिहिली आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. हे नियम मी एकदा आमच्याकडच्या एका वरातीत डीजेवाल्याला सांगितले. तो "काय?" म्हणाला. मी पुन्हा सांगितले. तो पुन्हा "काय?" म्हणाला. वरात गेली.

असो. सात-एक-दोन कटला. मी आधीच वाचून गेलो होतो की आबांसारखी बोलणं न समजण्याची अडचण असेल, तर तीन-एक घ्यावा. त्यात बोलण्यासाठी मधला वेगळा स्पीकर असतो. मी हे बोललोही. पण तोवर चिरंजीवांची नजर एका खोक्यावर स्थिरावली होती. त्यावर वॅटचा आकडा एवढा मोठा छापला होता की कंपनीचं नाव शोधावं लागत होतं. तो होता दोन-एक. मधला स्पीकर नाही, पण सबवूफर असा की त्यात एक पायली ज्वारी मावावी.

वॅटचं हे वेड वारशाने येतं, म्हणून मी फार बोलू शकलो नाही. माझ्या तरुणपणी डेकवर पीएमपीओ असं लिहून हजार-बाराशे वॅट छापलेले असत. पीएमपीओ म्हणजे तो डेक मरताना शेवटची किंचाळी मारेल, तिचं माप. रोजच्या कामाचं माप वेगळं, आरएमएस, आणि ते पाच-दहाच्या वर सहसा जात नसे. त्यावर उपाय म्हणून मी उन्हाळ्यातला पिण्याच्या पाण्याचा माठ रिकामा करून त्याच्या तोंडावर स्पीकर उपडा बसवला होता. माठातली हवा घुमते आणि ढोलकीचा ठोका असा येतो की बस. गावोगावच्या पोरांनी सबवूफर असा शोधून काढला, फक्त पेटंट घ्यायचं राहिलं. आबा तेव्हा शेतातून आले, पाणी प्यायला माठाकडे गेले आणि माठातून लावणी निघाली. पुढचं सांगत नाही.

वॅटची खरी मेख अशी की शंभरचे दोनशे केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने, जेमतेम जाणवेल एवढा. कानाला दुप्पट वाटायला वॅट दसपट लागतात. आमची खोली दहा बाय बारा. तिथे एवढे वॅट म्हणजे चहाला पाण्याचा टँकर. हे सगळं मी दुकानात सांगितलं. चिरंजीव मोबाईलवर लोकांनी दिलेले तारे मोजत होते. एकाने पाच तारे देऊन लिहिलं होतं, "अजून उघडला नाही, पण खोका मजबूत आहे."

तेवढ्यात आबांनी काठीने खोक्यावरचा आकडा दाखवला. "हे काय लिवलं?"

"वॅट, आजोबा. ताकद."

"यात वलावा किती?"

पोरगा गप्प. आबा म्हणाले, "आमचा माल खरेदीवर नेला की तुमी यंत्र खुपसता. बारा टक्क्याच्या वर वलावा निंघाला की माल वापस. मंग तुमच्या वॅटात वलावा किती, थे कोन मोजते?"

साउंडबारवर आजवर जेवढं वाचलं, त्यात याहून नेमका प्रश्न माझ्या पाहण्यात नाही. खोक्याच्या तळाला, मुंगीच्या अक्षरात, उत्तर लिहिलंही असतं: कितपत आवाज फाटू दिला तर तेवढे वॅट निघतात. म्हणजेच ओलावा.

किंमत १५,९९० रुपये. त्यावर ३९,९९० लिहून काट मारलेली, ती शोभेची. आबांनी मनात भागाकार केला. सोयाबीनचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता. तीन क्विंटलचे १५,९८४. "तीन कुंटल," ते म्हणाले, "वरचे सहा रुपये सोड." पोराने मालकाकडे पाहिलं, मालकाने आबांकडे, आणि सहा रुपये सुटले. हमीभावाने एखादा व्यवहार पूर्ण झालेला मी पहिल्यांदाच पाहिला, आणि तो देण्याचा होता, घेण्याचा नव्हता.

घरी आल्यावर जोडणी. टीव्हीच्या मागे एकसारखी तीन भोकं, त्यातल्या एकाशेजारीच ई-एआरसी लिहिलेलं. त्यात तार घातली तरच टीव्हीचा आवाज पट्टीत जातो. सौभाग्यवती म्हणाल्या, "ई-पीक पाहणी झाली, ई-केवायसी झाली, आता टीव्हीचंही राहिलं होतं का?" चिरंजीव टीव्हीमागे पालथे पडून अंगठा लावल्यासारखं करत होते. तासाभराने जमलं. मग लक्षात आलं की पट्टी टीव्हीच्या पायाशी ठेवल्याने रिमोटचा डोळा झाकला गेलाय. तेव्हापासून आमच्याकडे चॅनल बदलायचं तर हात डोक्यावर उंच धरून रिमोट वरून दाबावा लागतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, घरात कोणीतरी मतदानाला हात वर करतंय.

पट्टीवर धूळ बसू नये म्हणून सौभाग्यवतींनी तिला क्रोशाचं झाकण विणलं, गुलाबी झालरीचं. पट्टीचे बारीक आवाजाचे स्पीकर बरोबर त्या झालरीखाली येतात. रिमोट खराब होऊ नये म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत, वर दोन रबर. त्यातलं एक रबर ज्या बटणावर बसलंय, त्यावर 'व्हॉइस' लिहिलंय, हे मला आठवड्यानंतर दिसलं. बोलणं स्वच्छ करायचं बटण तेच. दाबून बघितलं. झालरीतून काही फरक आला नाही.

सबवूफर आबांच्या बाजेशेजारी गेला, कारण उंची बरोबर होती. आता त्यावर त्यांचा चष्मा, रक्तदाबाची गोळी, बिडीबंडल आणि कवळीचा पाण्याचा पेला असतो.

परवा मालिका चालू होती. मी बाजूला बसलो होतो. पडद्यावर एक बाई दुसरीला काहीतरी सांगत होती, मला एक अक्षर कळलं नाही. आबांना विचारलं, "कळते का?"

"कळते ना."

"काय म्हनली मंग ती?"

आबांनी टीव्हीकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर पेल्यावर. दार वाजलं, खालून धडधड उठली, पेल्यातल्या पाण्यावर गोल लाटा आल्या आणि कवळीने दोनदा काचेला दात लावले.

"हे पाय," आबा म्हणाले, "सासू आली."