जाणवतंय का?

नीरा नरसिंहपुरात देवदर्शनाला येणाऱ्या आमच्याकडच्या पाहुण्यांना सरांच्या ओसरीवरचा चहा चुकत नाही. आधी कप येतो, पाठोपाठ एखादं पुस्तक आणि मग प्रश्न, "जाणवतंय का?"

सर म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. जन्म गेला पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवण्यात. सुरई सुरईसारखी आली नाही तर हातावर पट्टी बसायची. आता तेच सर काहीच कशासारखं दिसू देत नाहीत. मराठीतल्या अभिजात पुस्तकांना अमूर्त मुखपृष्ठं करायची, हा त्यांचा उद्योग. कुणी सांगितलेलं नाही, पैसे तर नाहीतच.

सुरुवात 'श्यामची आई'पासून. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०१० संपताच स्वामित्वहक्क सुटला आणि पुस्तक सगळ्यांचं झालं, हे सर अशा थाटात सांगतात की जणू सातबाऱ्यावर त्यांचंच नाव लागलंय. त्यांच्या मुखपृष्ठावर आई नाही, श्याम नाही. मातकट पट्टा आणि कोपऱ्यात पिवळा ठिपका. काकूंनी विचारलं, "हळद सांडली का हो?" सर खूश! "बघा, हिला जाणवलं."

दीनानाथ दलालांचं नाव निघालं की सर कानाला हात लावतात. "देवाचा हात. पण सगळं दाखवून टाकलं की वाचणाऱ्यानं काय करायचं?" कुणी फारच वाद घातला तर देवळाकडे बोट. "हा नृसिंह बघा. धड माणूस नाही, धड सिंह नाही. घरात नाही, बाहेर नाही. दिवस नाही, रात्र नाही. याहून अमूर्त काय असतं?" यावर भले भले गप्प होतात. मीही झालोय.

काम मात्र नेटकं. जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ, पोस्टर कलर, घरची खळ. कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. कडा अशा दुमडतात की बाइंडरनं शिकावं.

घोटाळा झाला 'स्मृतिचित्रे'च्या वेळी. दोन पट्टे, एक निळा, एक गढूळ, उजवीकडे एक होणारे. लक्ष्मीबाई आणि टिळक, असा सरांचा भाव. होडीवाला बघून म्हणाला, "सर, ही नीरा, ही भीमा. झ्याक काढलाय संगम!" ओळखू आलं म्हणजे चित्र फसलं. सरांनी ते फाडलं आणि नवं केलं. त्यातही तेच दोन पट्टे आहेत, फक्त उभे. १८५७ च्या 'यमुनापर्यटन'वरही तेच, आडवे. हे त्यांना कोण सांगणार?

तुमच्याकडे कव्हर गेलेली जुनी पुस्तकं असतील तर रद्दीत घालू नका, नरसिंहपूरला येताना घेऊन या. सर फुकट करून देतात. फक्त पुस्तकाचं नाव आतल्या पानावर शाबूत आहे ना, तेवढं बघून द्या. बाहेर ते असेलच असं नाही.