निरंक असल्यास निरंक कळवा

परवा सांगलीत विश्रामबागेतल्या एका चहाच्या गाड्यावर एक गुरुजी भेटले. रविवार होता. एका हातात अर्धा कप, दुसऱ्या हातात मोबाइल. चहा गार होत चालला होता, मोबाइल गरम.

'काय गुरुजी, सुट्टीदिवशी पण?'

मान वर न करता म्हणाले, 'आवो, बारापर्यंत लिंक भरायची हाय. तात्काळ.'

'कसली लिंक?'

'ते भरल्यावर कळतंय.'

मराठी शाळेत पूर्वी तीन गोष्टींचा दरारा होता : पाढे, शुद्धलेखन आणि छडी. आता दरारा तीन शब्दांचा आहे : लिंक, तात्काळ आणि निरंक. पहिले दोन तुम्हाला ठाऊक आहेत. तिसरा सरकारी आहे. सांगण्यासारखं काहीच नसेल, तर काही नाही असं लेखी सांगायचं, त्याला निरंक म्हणतात. शाळेच्या आवारात विहीरच नाही? हरकत नाही. कठडा नसलेल्या विहिरींचा तक्ता तरीही भरा. संख्या : निरंक. खाली सही, शिक्का, फोटो. फोटो कशाचा, असं विचारू नका. नसलेल्या विहिरीचा.

यंत्रं आली की गुरुजींचं ओझं उतरेल, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. उतरलंही. खांद्यावरून उतरलं आणि अंगठ्यावर बसलं.

2015 साली विद्यार्थ्यांची माहिती भरायला शासनाची 'सरल' प्रणाली आली. नाव ठेवणाऱ्याला विनोदाचं अंग असावं. दिवसा सर्व्हर चालेना, म्हणून गुरुजी रात्री जागू लागले. लेकराला ताप आला तर जागत नसतील, इतके सर्व्हरच्या उशाला जागले. मग 1 डिसेंबर 2023 पासून पहिली ते दहावीची रोजची हजेरी चॅटबॉटवर नोंदवायचा हुकूम निघाला. पोरगं समोर बसलंय, 'हजर गुरुजी' म्हणून ओरडलंय, गुरुजींनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. पण त्यानं ते हजर होत नाही. रेंज आली की हजर होतं. शिराळ्याच्या डोंगरातल्या वाडीवर पोरं वेळेवर शाळेत येतात, हजेरी मात्र दुपारी टेकडीवर चढून जाते.

त्यानंतर 'अपार' आलं. प्रत्येक विद्यार्थ्याला बारा आकडी क्रमांक. कल्पना वाईट नाही. फक्त अट अशी, की शाळेच्या रजिस्टरातलं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं पाहिजे. आता आपल्याकडे पोराचं रजिस्टरात एक नाव असतं, आधारवर दुसरं आणि आजी हाक मारते ते तिसरंच. यंत्राच्या लेखी ही तीन पोरं झाली. वर्गात एकच दिसतंय, उरलेली दोन कुठं गेली, हे शोधायचं काम अर्थात गुरुजींचं.

कायदा काय म्हणतो? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं, की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला जुंपता येणार नाही. यात अ‍ॅप कुठंच नाही. 2024 साली राज्य शासनानं तर निर्णय काढून शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी रीतसर वाटणीच केली. भावकीत वाटणी झाल्यावर जे होतं, तेच झालं. कागद झाला आणि बांध तिथंच राहिला. 'आम्हाला शिकवू द्या' अशी घोषणा देत शिक्षकांना मोर्चे काढावे लागले. जगात कामगार काम कमी करा म्हणून मोर्चा काढतात. आमचे गुरुजी आमचं काम आम्हाला द्या म्हणून काढतात.

मधल्या काळात शाळाही डिजिटल झाल्या. गावानं लोकवर्गणी काढली, कुणी पाचशे दिले, कुणी उसाच्या बिलातून हजार दिले. टीव्ही आला, फीत कापली, पेढे वाटले, बातमी छापून आली. पुढं वीजबिल थकलं आणि मीटर निघून गेला. टीव्हीला सध्या भरतकाम केलेलं कव्हर आहे. त्यावर सरस्वतीचा फोटो ठेवायला जागा बरी होते.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस यंत्राच्याच मुळावर उठलाय. तसं नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घातले आणि डिसेंबर 2020 मध्ये दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ जिंकला. निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. तसं करा, असा मेसेज त्यांना कुठल्या ग्रुपवर आला नव्हता. कोडचंही तेच. ते कोड त्यांनी आपल्या वर्गातल्या पोरांसाठी, त्यांना काय अडतंय ते बघून केले होते. वरून आदेश आला म्हणून नव्हे. आपण त्यातून धडा काय घेतला? कोड छापायचा. कोड उचलला आणि गुरुजी तिथंच ठेवले.

सातारा जिल्ह्यात कुमठे बीट आहे. प्रतिभा भराडे या विस्तार अधिकाऱ्यांनी आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादाचा प्रयोग केला. वर्गाच्या फरशीवर आकडे आणि अक्षरं रंगवली, हातात खडे, काड्या, बिया दिल्या आणि पोरांना शिकू दिलं. राज्यभरातले शिक्षक गाड्या करून ते बघायला आले. त्या काड्यांना चार्जिंग लागत नव्हतं आणि खडे अपडेट मागत नव्हते.

राहिली कृत्रिम बुद्धिमत्ता. तिची गोष्ट गुरुजींनीच सांगितली. जतच्या पूर्व भागातल्या एका शाळेत 'माझे गाव' हा निबंध लिहून आणायला सांगितला. सातवीतल्या एकानं भावाच्या मोबाइलवरून निबंध आणला. अक्षर सुरेख, एक चूक नाही. 'माझ्या गावाजवळून नदी झुळझुळ वाहते. दोन्ही तीरांवर हिरवीगार भातशेती डुलते.'

गुरुजींनी विचारलं, 'बाळा, तुमच्यात टँकर कितीला येतो?'

'मंगळवारी, गुरुजी.'

'मग ही नदी कधी आली?'

पोरगं खाली बघून हसलं. मग बसून त्यानं टँकरवर निबंध लिहिला. कोण पहिला नंबर लावतं, कुणाची घागर कोण सरकवतं, आजी कुणाला शिव्या घालते, सगळं. चुका चौदा. पण गाव त्याचं.

माझ्या मते गुरुजींचं काम बदललंय ते इथं. उत्तर आता कुणीही देतं, फुकट देतं, रात्री दोनला देतं. ते उत्तर या पोराचं आहे का, एवढं ओळखणारा माणूस वर्गात लागतो. त्यासाठी पोराच्या गावात टँकर येतो हे ठाऊक असावं लागतं. आणि ते ठाऊक व्हायला गुरुजींनी मोबाइलमधून मान वर काढावी लागते.

मान वर काढायची कशी, हे याच जिल्ह्यानं करून दाखवलंय. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. कोरोनात शाळा बंद झाल्या, अभ्यासासाठी म्हणून पोरांच्या हाती मोबाइल आला. शाळा उघडल्या, पण मोबाइल काही हातातून सुटेना. तेव्हा सरपंच विजय मोहिते यांनी संध्याकाळी दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायची कल्पना मांडली. पुरुष मंडळी हसली. बायका हसल्या नाहीत. महिलांच्या ग्रामसभेत ठराव झाला आणि 15 ऑगस्ट 2022 पासून गावच्या भैरवनाथाच्या देवळावरून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. टीव्ही बंद, मोबाइल बंद, पोरं पुस्तक घेऊन बसली. साडेआठला दुसरा भोंगा. तोवर गाव गप्प.

साखर कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणारा हा मुलूख. त्यानं पाचव्या पिढीच्या यंत्रावर उपाय शोधला तो पहिल्या पिढीच्या यंत्राचा. त्यातली मौज पुढंच आहे. नुसता भोंगा वाजवून कोण ऐकतंय? म्हणून घरोघरी फिरून लोकांना समजवायला माणसं लागली. कोण गेलं? आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक. नोकरीतले गुरुजी त्या वेळी काय करत असतील, हे तुम्हीच ताडा. मी फक्त एवढंच म्हणेन, की लिंकची मुदत बहुधा रात्री बारापर्यंत असते.

यावरून एक नम्र सूचना सुचते. असाच एक भोंगा जिल्हा परिषदेच्या इमारतीवर बसवावा. साताऱ्यात एक, सांगलीत एक. मुंबई-पुण्याला परवडत असेल तर तिथं जरा मोठ्या आवाजाचा. परिपाठाच्या वेळी पहिला भोंगा व्हावा, शाळा सुटताना दुसरा. मधल्या वेळात वरपासून केंद्रप्रमुखापर्यंत कुणीही कुठल्याही शिक्षकाला लिंक पाठवू नये, तक्ता मागू नये, 'तात्काळ' हा शब्द टंकू नये. झेडपीला खर्चाची काळजी असेल तर लोकवर्गणी काढू. टीव्हीला दिली, भोंग्याला नाही म्हणणार नाही.

गाड्यावरचे गुरुजी ही सूचना ऐकून पहिल्यांदा मोबाइलवरून नजर उचलून माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांचा फोन वाजला आणि ते पुन्हा आत गेले.

तर संबंधित अधिकाऱ्यांना विनंती, की वरील सूचनेवर काही हरकती असल्यास तात्काळ सादर कराव्यात. नसल्यास निरंक कळवावे.