सतरा सेंटिमीटरचे काका

मुलुंड पूर्वेला, रुळांकडे तोंड करून उभ्या असलेल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर स्टीरिओकाका राहतात. त्यांचं खरं आडनाव आता फक्त वीजबिलावर उरलंय.

"बाजारात स्टीरिओ माइकला हजारो मोजतात. मी साठ रुपयांत केला!" हे त्यांचं पालुपद. साठ रुपये खरेच. लॅमिंग्टन रोडवरच्या दोन इलेक्ट्रेट कॅप्सूल, दोन रेझिस्टर, दोन कपॅसिटर आणि एक साडेतीन मिलिमीटरची पिन. ग्रँट रोडच्या सात खेपा या हिशेबात नाहीत, आणि भाजून मेलेल्या अकरा कॅप्सूल तर नाहीतच. शर्टाच्या बटणाएवढ्या त्या डबीला सोल्डर मारायचं तर दोन सेकंदांत हात काढावा लागतो. काका सोल्डर मारता मारता समजावून सांगतात.

"1962 साली सेसलर आणि वेस्ट यांनी बेल लॅबमध्ये हा शोध लावला. पडद्यावरचा विद्युतभार हिचा हिनेच सांभाळायचा. आतल्या एफईटी ट्रान्झिस्टरला मात्र चिमूटभर व्होल्टेज..." तोवर धूर.

दोन कॅप्सूलमध्ये अंतर किती ठेवायचं, या प्रश्नाने इमारतीला महिनाभर छळलं. फ्रेंच रेडिओवाल्यांचं माप सतरा सेंटिमीटर आणि एकशे दहा अंश. माणसाच्या दोन कानांतलं अंतरही साधारण तेवढंच, हे पडताळायला काका टेप घेऊन दारोदार फिरले. माझं डोकं साडेपंधरा भरलं. तेव्हापासून ते माझ्याशी जरा सांभाळूनच बोलतात. कोन नातवाच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजला, कॅप्सूल लाकडी हँगरवर बसवल्या, आणि वाऱ्याची फुरफुर अडवायला स्पंज हवा म्हणून सोफा दोन ठिकाणी कोरला. तिथे बसलं की आपणही स्टीरिओत खचतो.

स्टीरिओचं पेटंट 1931 साली मागणाऱ्या ब्लुमलाइनची गोष्ट तर ते दर पाहुण्याला ऐकवतात. पडद्यावर नट इकडून तिकडे जातो, आवाज मात्र एकाच जागेवरून येतो, हे त्याला सिनेमागृहात खटकलं आणि त्याने शेजारी बसलेल्या होणाऱ्या बायकोला तसं सांगितलं म्हणे.

"त्याने बायकोला सिनेमाला तरी नेलं होतं," काकू आतून म्हणाल्या.

पहिलं रेकॉर्डिंग गॅलरीतून, लोकलचं. घूं घूं ऐकू येत होती. ती पन्नास हर्ट्‌झची, साध्या वायरने घरातल्या विजेची पकडलेली. शील्डेड वायर लावल्यावर गेली. पुन्हा ऐकलं, तर कल्याणची गाडी सीएसएमटीकडे निघालेली! पिनेचं टोक डावं, मधली कडी उजवी. काकांनी नेमकं उलटं जोडलं होतं. सोल्डर उकलायचं म्हणजे बारावी कॅप्सूल जायची भीती. त्यांनी शांतपणे हेडफोन उलटा घातला. गाडी कल्याणला लागली.

परवा मला बोलावून घेतलं, हेडफोन उलटा चढवला आणि म्हणाले, "डोळे मीट."

लांबून फास्ट आली, धडधडत निघून गेली. मागोमाग डाव्या कानात काकू, "अहो, बादली भरून वाहतेय! नळ बंद करा हो!"

"डावीकडून आलं ना? बारा फुटांवरून," काका कुजबुजले. "आता उजवीकडे लक्ष दे. खरं सांग, धबधबा वाटतो की नाही?"