तार आणि तारीख

मुलाचे दात वाकडे येताहेत का, हे वयाच्या 7व्या वर्षापर्यंत तज्ज्ञाकडून एकदा तपासून घ्यावे, असे अमेरिकेतली दंतव्यंगोपचार तज्ज्ञांची संघटना सांगते. कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकड्यात ही तपासणी बहुधा लग्नाच्या बायोडाटाचा फोटो काढताना होते. तीही मुलीचीच.

मग डॉक्टर निवडायचा. इथला शेतकरी केळीचा घड नुसत्या नजरेने पारखतो, पण दातांच्या डॉक्टरची पाटी वाचताना त्याची नजर अडखळते. नांदेडला ओळखीचे कोण, भावकीतल्या कोणाला तार बसवली होती, एसटी स्टँडपासून दवाखाना किती लांब आणि हप्ते पाडून मिळतात का, एवढ्यावर निकाल लागतो. पदवी कोणी विचारत नाही. बीडीएस झालेला दंतवैद्य असतोच. दात सरळ करण्याचा खास अभ्यास मात्र त्यापुढच्या 3 वर्षांच्या एमडीएसमध्ये होतो.

तार लावून दात सरळ करण्याचे काम साधारण दीड ते दोन वर्षांचे. महिन्या-दीड महिन्याला फेरी, तोवर ऊस सोलायचा नाही, कणसाला दात लावायचा नाही, चिक्की बंद. तार निघाल्यावर दात जागी धरून ठेवणारा रिटेनर वापरला नाही, तर दात पुन्हा जुन्या जागी सरकू लागतात. मांडवाची तारीख धरलेल्या घरात हा सल्ला ऐकायला कोण थांबतो?

नवरदेवाचे दात पुढे असले तरी चालतात. त्याची नोकरी सरकारी असते.