टाकीप्रमुख

छत्रपती संभाजीनगरात घराचा कर्ता कुणीही असो, टाकीप्रमुख वेगळा असतो. बहुधा निवृत्त. कुणी बँकेतून, कुणी झेडपीच्या शाळेतून. पाण्याशी नोकरीचा काडीचा संबंध नसतो. पण ७०० ची जुनी लाईन कुठं फुटली, १४०० ची किती वाजता चालू झाली, २५०० मिलिमीटरच्या नव्या जलवाहिनीचं घोडं कुठं अडलंय, हे त्याला तोंडपाठ. पैठणला नाथसागर तुडुंब असतो आणि इथं नळाला दिवसांचा गॅप; त्या गॅपमध्येच हा माणूस मोठा होतो. लाईनमनला तो ‘साहेब’ म्हणतो. जावयाला नुसतं नावानं.

आमच्या सिडकोतल्या गल्लीचे टाकीप्रमुख म्हणजे शेजारचे काका. त्यांच्याकडे खाली हौद, वर दोन काळ्या टाक्या, बोअरची लाईन वेगळी आणि या सगळ्यांना मिळून इतके कॉक, की पाहुण्याला हात धुवायचे तर आधी काकांना हाक मारावी लागते. कुठलाच कॉक ते पूर्ण उघडत नाहीत. पूर्ण उघडा कॉक हा त्यांच्या लेखी संस्कारांचा प्रश्न आहे.

अशा घराच्या गच्चीवर मुलानं हॉट टब बसवून दिला. आईचे गुडघे दुखतात म्हणून. आठशे लिटर हा आकडा ऐकून काका कठड्यावर बसलेच. मुलानं परोपरीनं समजावलं, बाबा, पाणी संपत नाही, तेच तेच फिरतं.

“फिरतं ना? मग एका जागी राहत नाही म्हण की,” काका म्हणाले.

मुलगा गेला, टँकर आला, टब भरला. काकूंनी बटण दाबलं. पंप घुरघुरला आणि पॅनेलवर लाल अक्षरं लुकलुकू लागली. पुस्तिकेत अर्थ दिला होता : पाण्याचा प्रवाह नाही. काका थक्क. “आपल्याकडं एवढं सांगायला २०२२ साली जलआक्रोश मोर्चा काढावा लागला. याला दहा सेकंदात कळलं!”

यंत्राचं म्हणणं साधं असतं. पंप पाणी ओढतो, फिल्टरमधून हीटरकडं ढकलतो. वाटेतल्या सेन्सरला पाणी सरकताना दिसलं नाही, तर हीटर पेटतच नाही; थांबलेल्या पाण्यात तो जळून जाईल. म्हणजे बघायचं काय, तर पातळी, व्हॉल्व्ह, फिल्टर आणि अडकलेली हवा. शहाणा माणूस सोप्यापासून सुरुवात करतो. काका हवेपासून करतात, कारण हवेत मलिक अंबर आहे.

“मातीच्या नळांतून डोंगरातलं पाणी शहरात आणलं त्यानं. मोटार होती का? हवेला वाट ठेवली, बस्स!” १६१० मध्ये खडकी, म्हणजे आताचं हेच शहर, वसवणाऱ्या या माणसाचा काकांना शेजाऱ्याइतका अभिमान. पाहुण्यांना ते पाणचक्कीवर नेतातच. पाहुणे चक्की बघतात, काका भिंतीत वर चढून खाली कोसळणारं पाणी.

पान्यानं पंपाजवळचा नट सैल केला. फुस्स झालं, मग पाण्याची चिळकांडी काकांच्या बनियनवर. नट आवळला. दोन मिनिटं शांतता, पुन्हा लाल अक्षरं. काकूंनी व्हॉल्व्ह तपासले. दोन्ही अर्धे बंद. त्यांनी काकांकडं एकदा पाहिलं आणि पूर्ण उघडले. तरी तेच. शेवटी मुलाला व्हिडिओ कॉल. तो म्हणाला, “फिल्टर काढा आणि तसंच चालवून बघा. चाललं तर दोष फिल्टरचा.”

फिल्टर वर आला, पण दिसेना. त्याला जुन्या धोतराचा तिपदरी तुकडा गुंडाळलेला, वर परकराच्या नाडीची गाठ.

“अहो, हे काय?”

“टँकरच्या पाण्याला गाळ असतो. फिल्टर खराब होऊ नये म्हणून बांधलं.”

मुलानं तिकडं कपाळाला हात लावल्याचं सगळ्यांना दिसलं. धोतर सुटलं, तसा टब खळखळून फेसाळला. काकांनी तो तुकडा तुळशीच्या कुंडीवर नेऊन पिळला. थेंब न् थेंब.

काकूंच्या गुडघ्यांना जेमतेम आराम पडू लागला होता. तेवढ्यात मेसेज आला : मुख्य लाईन फुटली, पुरवठा एक दिवस पुढं. काका बादली घेऊन गच्चीवर. क्लोरिनचं असलं म्हणून काय झालं, फरशीला आणि संडासाला चालतं! बादल्यांमागून बादल्या खाली गेल्या, पाणी फिल्टरच्या तोंडाखाली उतरलं आणि पॅनेलवर पुन्हा तीच अक्षरं लुकलुकली.

“आता बरोबर बोलतंय,” काका म्हणाले आणि पुढची बादली बुडवली.