वाद्येच्छू

विवाहेच्छू मुलं कधी ना कधी लग्न करून मोकळी होतात. वाद्येच्छू गृहस्थाचं तसं होत नाही.

हा गृहस्थ निवृत्तीच्या सुमारास ओळखू येतो. ऑफिसात निरोपसमारंभाची वर्गणी गोळा होत असते आणि हा डबा खाता खाता म्हणतो, "आता एखादं वाद्य शिकावं म्हणतो." समोरचा बिचारा सहज विचारतो, "कोणतं?" तिथेच त्याची जेवणाची सुट्टी संपते. कारण ते ठरलेलं नसतं. ते ठरवण्यासाठीच तर निवृत्ती घ्यायची असते.

नमुन्यादाखल आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतले काका घ्या. काका बँकेत होते, त्यामुळे वाद्यनिवडीची त्यांनी रीतसर वही घातली आहे. प्रत्येक वाद्याला एक पान आणि प्रत्येक पानावर रकाने: किंमत, वजन, देखभाल, शेजाऱ्यांचा संभाव्य आक्षेप आणि गुडघे.

पहिलं पान पेटीचं. खरं तर प्रकरण इथेच मिटायला हवं होतं. भाता मारून पट्टीवर बोट ठेवलं की पेटीतून सूर येतोच. तो लावावा लागत नाही, लागलेलाच असतो. पण काकांच्या वाचनात आलं की १९४० साली रेडिओने पेटीला हद्दपार केलं होतं आणि ती बंदी थेट १९७१ पर्यंत चालली. कारण काय, तर पेटीतून मींड निघत नाही आणि तिच्या ठरीव बारा सुरांत आपल्या बावीस श्रुती मावत नाहीत. काकांना शुद्ध गंधार आणि कोमल गंधार यांतला फरक अजून ओळखता येत नाही, पण बावीसातल्या दहा श्रुती आपल्याला मिळणारच नाहीत या कल्पनेने ते हळहळले. आयुष्य बँकेत गेलेल्या माणसाला एवढी तूट सोसत नाही. 'मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे पेटीच वाजवत, असं मी सांगून पाहिलं. "टेंब्यांची गोष्ट वेगळी," काका म्हणाले आणि पान उलटलं. (माझं विचाराल तर पेटीवर हा अन्यायच आहे. निम्मा महाराष्ट्र तिच्या आधाराने सुरात राहिला. माझ्या ओळखीत तरी श्रुतींची तक्रार न गाणारेच करतात.)

तबल्यावर मात्र काका आपला वडिलोपार्जित हक्क समजत. वर्षानुवर्षं त्यांनी सकाळच्या लोकलने भजनी मंडळाच्या डब्यातून प्रवास केला आणि डोंबिवली ते दादर डब्याच्या पत्र्यावर ठेका धरला. क्लासच्या सरांनी सांगितलं की पहिले काही महिने 'ना' आणि 'धा' नीट निघेपर्यंत पुढे सरकायचं नाही. काकांनी तेही मान्य केलं. डग्गा तांब्याचा घ्यावा की पितळेचा, इथपर्यंत बोलणी आली होती. मग सर सहज बोलून गेले, "काका, तबला म्हणजे मुख्यतः साथ." काका वहीत काहीही न लिहिता उठले. नोकरीभर ते असिस्टंट मॅनेजर होते. साहेबांनी आलाप घ्यावा, ताना घ्याव्यात, भलतीकडे जावं आणि काकांनी खाली मान घालून ठेका सोडू नये, असं सगळं आयुष्य गेलं. आता निवृत्तीनंतरही दुसऱ्याच्या समेची वाट बघायची?

मग सतार. तिच्यासाठी काका कल्याणहून महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून थेट मिरजेला गेले. हा प्रवास आता सोसायटीत सर्वांना तोंडपाठ आहे, कारण गच्चीवर, लिफ्टमध्ये आणि एकदा स्मशानातसुद्धा काकांनी तो सांगितला आहे. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. लढायांचा धंदा बसला तसे फरीदसाहेबांच्या पिढीत ते तंतुवाद्यांकडे वळले. भोपळे पंढरपूरच्या बाजूचे. ते वाळवून, पोखरून, भिजवून आकार कसा देतात, हे काका हातवारे करून दाखवतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सोसायटीत पेढे काकांनी वाटले होते.

एवढं झालं, पण सतार काही घरी आली नाही. कारागिराने विचारलं, "कुणासाठी हवीये?" काका म्हणाले, "तसं अजून ठरायचंय." त्याने पुढे विचारलं, "विलायत खाँसाहेबांच्या पद्धतीची दाखवू, की रविशंकरजींच्या?" पहिलीला वरचा दुसरा भोपळा नसतो, दुसरीला खर्जाच्या तारा जास्त. एका प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलेले काका दोन प्रश्न घेऊन बसले. बसले हे अक्षरशः खरं, कारण सतारीची बैठक मांडून बघायची म्हणून ते चटईवर टेकले आणि त्यांना उठवायला दोन पोरं लागली. गुडघ्यांच्या रकान्यात लाल फुली पडली. मिरजेहून त्यांनी फक्त एक नखी आणली. ती बोटात घालून काही दिवस ते पेपर वाचत.

बासरी स्वस्त, हलकी, पिशवीत मावणारी. पण पन्नालाल घोषांनी ती वाढवून बत्तीस इंचांवर नेली, तेव्हा काकांच्या बोटांचा विचार झाला नव्हता. दुकानात फुंकून पाहिली तर बासरीतून काहीच आलं नाही. काकांच्या डोळ्यांपुढे मात्र काजवे आले. दुकानदाराने सवयीने स्टूल पुढे केलं.

प्रभाकर जोगांचं गाणारं व्हायोलिन काकांना जीव की प्राण. पण शिकाऊ व्हायोलिन काय करू शकतं, हे चौथ्या मजल्यावरच्या मुलीमुळे सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे. वार्षिक सभेत त्यावर ठराव आला होता आणि अनुमोदक काका होते. पुण्याहून सवाई गंधर्व महोत्सव ऐकून आले की काकांच्या मनात त्या वर्षीचं वाद्य काही दिवस घोळतं. एका डिसेंबरात ते संतूर होतं. शंभराच्या आसपास तारा आणि सगळ्या आपल्यालाच लावायच्या, हे कळल्यावर संक्रांतीच्या आत ते उतरलं. जलतरंगाचा विषय निघाला तेव्हा काकूंनी वाट्यांच्या कपाटाला कुलूप घातलं. पुतण्याने युकुलेली आणून दाखवली. "चारच तारा?" काकांनी विचारलं. "मग यात शिकायचं काय?"

याच काळात काकू पेटी शिकल्या. निवड वगैरे त्यांनी काही केली नाही. तळमजल्यावर दर मंगळवारी भजन असतं. तिथल्या पेटीवाल्या बाई मुलाकडे बंगळुरूला गेल्या, पेटी मागे राहिली आणि काकू तिच्या शेजारी बसत असत, एवढंच. आधी काळी चारचा सा सापडला, मग भूप आला, मग शाळकरी पोरांच्या रांगेत बसून गांधर्व महाविद्यालयाची प्रारंभिक परीक्षाही देऊन झाली. आता प्रवेशिकेचा फॉर्म भरलाय. काकू रियाजाला बसल्या की काका सोफ्यावरून मन लावून ऐकतात आणि मध्येच दिलासा देतात, "हा गंधार असा येतोय ना, त्यात तुझा दोष नाही हं. पेटीचाच आहे." काकू "बरं" म्हणतात आणि भाता मारतात.

हे सगळं असलं तरी काकांना हसू नये. पोराला कुठल्या क्लासला घालावं, हे विचारायला आईबाप त्यांच्याकडेच येतात आणि काका वही उघडून, पोराची बोटं, बैठक, चंचलपणा पारखून इतकं नेमकं सांगतात की क्लासवाल्यांनी त्यांना कमिशन द्यावं. चौथ्या मजल्यावरचं व्हायोलिन बंद होऊन त्या मुलीची सतार सुरू झाली, ती त्यांच्याच सल्ल्याने. ठरावाचं काम आपोआप झालं.

या आषाढीला भजनात टाळ धरायला माणूस कमी पडत होता. काकू म्हणाल्या, "अहो, चला की खाली. शिकावं काही लागत नाही. माझ्या हाताकडे बघायचं आणि वाजवायचं."

काकांनी चष्मा लावला, वहीचं कोरं पान काढलं आणि विचारलं, "टाळ पितळेचे आहेत की काशाचे?"